बापाने गोलमागे उभं राहावं

वाचकांचे प्रश्न, निवृत्त क्रीडाशिक्षकाची उत्तरं

परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी गुडघेदुखी, पळण्याचे बूट, दहावीच्या पोराला मैदानावर सोडावं की नको, असले प्रश्न असतात. सुट्टी तोंडावर आली की आईबाप आपापलं लहानपण घेऊन येतात. या वेळी तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे. तशी पत्रं कोल्हापूरच्या पेठापेठांतून येत असतात आणि मला त्यावर बरंच बोलायचं आहे.

प्रश्न : सर, नमस्कार. माझं वय ३९. लहानपण शिवाजी पेठेत गेलं, आता फुलेवाडी रिंग रोडला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी शिरोली एमआयडीसीत. फुटबॉल म्हणजे आमचं सगळं होतं. शाळा सुटली की दप्तर कट्ट्यावर टाकायचं आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत, नाहीतर गांधी मैदानात. मोठी पोरं आम्हाला आधी नुसती बॉल आणायला ठेवायची, मग गोलीत उभं करायची. वर्गणी काढून एक बॉल घ्यायचो आणि ब्लॅडर बदलून बदलून तो वर्षभर चालवायचो. पुढं पेठेच्या ब संघापर्यंत गेलो. मग डिप्लोमा, नोकरी, लग्न. खेळ सुटला तो सुटलाच.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी पाच नंबरचा चांगला बॉल घेतला, स्टडचे बूट घेतले, आमच्या टीमच्या रंगाची जर्सी शिवून घेतली. रोज पहाटे साडेपाचला उठवून मैदानावर नेतो. पासिंग, ट्रॅपिंग, ड्रिबलिंग सगळं पद्धतशीर शिकवतो. पण पोरगं खिशात हात घालून उभं राहतं. बॉल पायाजवळून जातो आणि हा खाली वाकून गारगोट्या वेचतो. परवा रडला, म्हणाला टाच दुखते. शाहू स्टेडियमवर मॅचला नेलं तर कानांवर हात ठेवून बसला आणि घरी येऊन आईला विचारलं, ते काका रेफरीला आईवरून का बोलत होते? मोबाईलवर मात्र तासन् तास फुटबॉल खेळतो. फ्रान्सचा एम्बापे तोंडपाठ, आमच्या टीमच्या एका खेळाडूचं नाव माहीत नाही. आता म्हणतो, सोसायटीतली पोरं क्रिकेट खेळतात, मी तिकडं जाऊ का? बायको म्हणते जाऊ दे. माझा जीव होत नाही. काय करू?
— एक बाप, फुलेवाडी

उत्तर : मर्दा, तुमच्या पत्रात तुमच्या वडिलांचा उल्लेख कुठंच नाही.

गल्ली आहे, गांधी मैदान आहे, मोठी पोरं आहेत, वर्गणीचा बॉल आहे. वडील नाहीत. ते कामावर असतील, नाहीतर घरात पेपर वाचत बसले असतील. तुम्ही नक्की कुठं खेळताय हे त्यांना ठाऊकही नसेल. पासिंग-ट्रॅपिंग पद्धतशीर शिकवणारं कुणी तुमच्या लहानपणात मला दिसत नाही. तुम्हाला फुटबॉल दिला तो तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या टवाळ पोरांनी, आणि तोही शिकवून नव्हे, गटारातला बॉल काढायला लावून. तुम्ही तो बॉल परत देताना हळूच एक किक मारून घेतलीत, तिथं तुमचा फुटबॉल सुरू झाला असणार. आज तुम्ही मुलाला जे देताय तो तुमच्या लहानपणीचा खेळ नाहीच. तो ब संघाचा सराव आहे.

मी आयुष्यभर शिकवण्याचाच पगार घेतला, तरी हे सांगतो. आठ वर्षांच्या मुलाला एकट्या बापासमोर खेळ सापडत नाही. तिथं चकवायला कुणी नाही, चिडवायला कुणी नाही, बॉल हिसकावून पळायला कुणी नाही. समोर एक मोठा माणूस आहे, त्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक किकचा निकाल लागतोय. अशा वेळी गारगोट्या वेचणारं पोरगं मला तरी शहाणं वाटतं.

तेव्हा पहाटेचं प्रकरण आधी बंद करा. साडेपाचला उठून सराव करणं हे ज्याला खेळाचा नाद लागलाय त्याचं काम. नाद लागण्याआधी पहाट दाखवली की पोराच्या डोक्यात फुटबॉल आणि झोपमोड यांची गाठ पक्की बसते.

संध्याकाळ धरा. सोसायटीतली पोरं क्रिकेट खेळतात म्हणता, म्हणजे पोरं आहेत. आजकाल तेच मिळत नाही. त्यातली सहा-सात गोळा करा, मुली असतील तर त्याही. वयं सारखी नसली तरी हरकत नाही, उलट दोन पोरं दहा-अकरा वर्षांची असू द्यात. तुमच्या पोराला तुमच्याकडून शिकायचं नसलं तरी त्यांच्याकडून शिकेल. पंधरा-वीस पावलं लांब जागा पुरे. चपलांचे दोन गोल, गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही, तिघं विरुद्ध तिघं नाहीतर चौघं विरुद्ध चौघं. मोठ्या मैदानाचा हट्ट धरू नका. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान १०० ते ११० मीटर लांब असतं. त्यावर बावीस चिमुरडी सोडली की दोन दांडगी पोरं बॉल घेऊन पळतात आणि बाकीची वारा खात उभी राहतात. जागा लहान आणि पोरं कमी असली की बॉल सारखा प्रत्येकाच्या पायात येतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लहानांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली तीही याच विचाराने, कमी खेळाडू आणि छोटी मैदानं घेऊन.

आणि तुम्ही? तुम्ही गोलच्या मागे उभं राहायचं. लांब गेलेला बॉल आणून द्यायचा. लहानपणी तुम्हाला मिळालेली पहिली पोस्ट तीच होती ना! शिट्टी नाही, सूचना नाही, 'अरे पास दे' नाही. भांडण झालं तर पोरांना आपसांत मिटवू द्या. दगड हातात आला तरच मध्ये पडा. हे तुम्हाला पहाटे उठण्यापेक्षा अवघड जाणार आहे, कारण डोळ्यांसमोर पोरगं टाचेने बॉल मारत असेल आणि तुमच्या जिभेवर दुरुस्ती तयार असेल. ती गिळा.

आता सामानाचं. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा असतो. तो मोठ्या माणसांचा बॉल आहे. आठ वर्षांच्या पायाला तो दगडासारखा लागतो, आणि पोरगं त्याला घाबरलं की पाय आखडून घेतं. मग तुम्ही म्हणता याला किक बसत नाही. तीन नंबरचा बॉल घ्या, तो साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास असतो. वर्ष-दीड वर्षाने चार नंबर. पाच नंबर बारा-तेरा वर्षांनंतर. हवा गच्च भरू नका, अंगठ्याने दाबल्यावर थोडा आत जाईल इतकीच. पाच नंबरचा बॉल वाया जाणार नाही, त्याचं काय करायचं ते पुढं सांगतो.

स्टडचे बूट कपाटात ठेवा. स्टड असतात ते गवतात आणि ओल्या मातीत रुतण्यासाठी. आपली बरीच मैदानं उन्हाळ्यात मुरमाने कडक झालेली असतात. तिथं स्टड रुतत नाहीत, उलट तळव्यात आणि टाचेत टोचतात. सपाट रबरी तळाचे साधे बूट बस्स झाले. टाच दुखते म्हणून पोरगं रडलं, ते नाटक समजू नका. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो, पोटरीचा स्नायू त्याला ओढत राहतो, आणि कडक जमिनीवर सारखं पळालं की तिथं दुखायला लागतं. पळणं कमी केलं आणि मऊ तळाचे बूट घातले की बहुधा हे दुखणं शांत होतं. पंधरा दिवसांत उतार पडला नाही किंवा पोरगं लंगडायला लागलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

हेडिंग शिकवत असाल तर तेही थांबवा. तुमच्या पत्रात ते नाही, पण पेठेतला माणूस हेडिंगशिवाय राहत नाही हे मला माहीत आहे. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, आणि इंग्लंडने २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकलं. मेंदूचा प्रश्न आहे, घाई कसली?

स्टेडियमचं जरा सविस्तर बोलतो. शाहू स्टेडियम आपलं वैभव आहे, यात वाद नाही. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांची नावं घेतली की साठीच्या माणसाचाही आवाज चढतो. कुस्तीच्या तालमींच्या पोटातून फुटबॉलचे संघ निघालेत आणि अजून तालमीचं नाव लावून खेळतात, असं गाव देशात दुसरं दाखवा. एका गल्लीतली आजी फायनलच्या दिवशी देवापुढं नारळ ठेवते, आणि आफ्रिकेतून आलेला खेळाडू पेठेची जर्सी घालून मिसळ खातो, हे सगळं मला प्रिय आहे. पण त्याच कठड्यांवरून जे शब्द खाली येतात ते आठ वर्षांच्या पोराच्या कानांवर पडायच्या लायकीचे नसतात. सामना थांबवून पोलिसांना आत यावं लागणं कोल्हापूरला नवीन नाही. ज्यांना हा 'जोश' वाटतो त्यांनी घरी येऊन पोराच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. तुमच्या मुलाने कान झाकले, मला त्याचं कौतुक वाटलं.

त्याला पुन्हा न्यायचं असेल तर दोन तगड्या पेठांची मॅच टाळा. लीगमधली, मधल्या फळीतल्या दोन संघांची, दुपारची एखादी मॅच बघा. समर्थकांच्या घोळक्यापासून लांब बसा. सगळी मॅच दाखवायचा अट्टहास नको. हाफटाइमला उठा, भाजलेल्या शेंगा घ्या, घरी या. आणि जाताना त्याला एकच काम द्या : आज फक्त गोलकीपर बघायचा. बॉल लांब असताना तो काय करतो, कुठं उभा राहतो, कुणावर ओरडतो. मोठ्या मैदानावर लहान पोराला बॉल सापडत नाही, पण एक माणूस सापडतो.

आणि कृपा करून पेठेचं वैर वारशात देऊ नका. तो फुलेवाडीत वाढतोय. तुमची पेठ हे त्याच्यासाठी आजीच्या घराचं नाव आहे, तेवढंच राहू दे. जर्सीचा रंगही त्याचा त्याला ठरवू द्या, मग तो तुमच्या कट्टर विरोधकांचा का असेना. (इथं तुम्ही पत्र फाडलं नसेल अशी आशा आहे.)

एम्बापेवरून रुसू नका. मोबाईलवर तासन् तास खेळणं मलाही आवडत नाही, त्याला वेळेचं बंधन घाला. पण ज्या पोराला खेळाडूचा इतिहास पाठ आहे त्याला फुटबॉल आवडत नाही असं कसं म्हणता? २०२२ च्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये एम्बापेने तीन गोल मारले तरी फ्रान्स हरलं. ८० व्या मिनिटाला पेनल्टी आणि पुढच्याच मिनिटाला बॉल हवेत असतानाच मारलेला फटका. तो दुसरा गोल कसा झाला हे त्याला विचारा आणि पार्किंगमध्ये करून दाखवायला सांगा. त्याला शिकवू द्या, तुम्ही चुका करा. मग कधीतरी सांगा की २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव नावाचा कोल्हापूरचा पोरगा होता. एम्बापेच्या शेजारी हे नाव त्याच्या डोक्यात बसलं, की कोल्हापूरही आपोआप बसेल.

क्रिकेटचं उत्तर सरळ आहे : जाऊ द्या. आजच. बायको बरोबर सांगतेय. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांत तो मिसळला तरच तुम्हाला चौघं विरुद्ध चौघांसाठी पोरं मिळणार. आणि नाहीच आला फुटबॉलकडे, तर नाही आला. पळणारं, पडणारं, हरून घरी येऊन जेवणारं पोरगं मिळालं तरी बापाने खूप कमावलं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. 'खेळ सुटला तो सुटलाच' असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी तिथंच अडकलो. ३९ हे काय फुटबॉल सोडायचं वय आहे? पेठेतले जुने गडी रविवारी सकाळी कुठंतरी खेळत असतीलच, नसतील तर तुम्ही जमवा. पाच नंबरचा बॉल तुमच्यासाठी आहे. आधी आठ-दहा दिवस चालणं-पळणं करून अंग मोकळं करा, रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि उतरा. मुलाला सोबत न्या, पण खेळायला नव्हे. तो कडेला बसून गारगोट्या वेचेल, वेचू द्या. बाप घामाघूम होऊन हसतोय, पडतोय, जुने मित्र त्याला नावं ठेवतायत, असं दृश्य त्याने अजून बघितलेलंच नाही. त्याने बघितलाय तो फक्त साडेपाचचा मास्तर. एखाद्या दिवशी संध्याकाळी खेळलात तर नंतर गंगावेशीत जाऊन दोघं म्हशीचं धारोष्ण दूध प्या. फेसाच्या मिशीबद्दल बोला. मॅचबद्दल त्याने विचारलं तरच.

प्रश्न : सर, मी राजारामपुरीत राहते, माहेर गडहिंग्लजकडचं. आमच्या शेतातल्या विहिरीत माझ्या बाबांनी मला पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि वरून ढकललं! आठवड्याभरात मी डब्याशिवाय पोहत होते. मे महिन्यात विहिरीत उड्या मारणं यासारखं सुख नाही. माझी मुलगी सात वर्षांची आहे. या सुट्टीत तिला त्याच विहिरीत तसंच शिकवावं असं मनात आहे. नवरा म्हणतो क्लास लावू, सासूबाई म्हणतात मुलगी काळी पडेल. तुम्ही काय म्हणता?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, वरच्या गृहस्थांना मी मागे उभं राहा म्हणालो. तुम्हाला नेमकं उलटं सांगणार आहे : मुलीपासून एक हातापेक्षा लांब जायचं नाही. फुटबॉलमध्ये चूक झाली तर गुडघा फुटतो. पाणी दुसरी संधी देत नाही.

ढकलण्याचं आधी मनातून काढा. तुम्ही शिकलात, कारण तुम्ही धीट होतात आणि बाबा खाली पाण्यात तयार होते, हे तुम्ही लिहायचं विसरलात पण ते असणारच. तशाच ढकललेल्या कितीतरी मुलांनी पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. माझ्या वर्गात दरवर्षी अशी पोरं असायची. सहलीला धबधबा दिसला की मागे सरकणारी.

सुरुवात विहिरीत नको. विहिरीला उथळ बाजू नसते, पहिल्या पायरीनंतर थेट खोल, आणि थकलेल्या मुलाला पाय टेकायला जागा नाही. पाणी वरून कोमट आणि दोन हात खाली गार असतं, त्याने दम लागतो. सुरुवात रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकसारख्या जलतरण तलावात करा, जिथं तिला उभं राहता येईल अशी जागा आहे आणि जीवरक्षक आहे. आणि 'तलाव' म्हटलं म्हणून कुणी रंकाळ्यात उतरवायचा सल्ला दिला तर ऐकू नका, पंचगंगेचाही नको. आपल्या लहानपणीचं पाणी आता तिथं राहिलेलं नाही. पावसाळ्यात तर नदीकडे फिरकूच नका.

क्लासला माझा विरोध नाही. पण क्लासच्या आधीचे पंधरा दिवस तुमचे असू द्यात. तुम्ही स्वतः पाण्यात उतरा, काठावरून सूचना देऊ नका. पोहायचा अंगभर पोशाख आता मिळतो, तो घ्या. सलवार-ओढणी पाण्यात जड होते आणि पायांत अडकते. पहिले दिवस हातपाय मारायचं नावच काढायचं नाही. तोंड पाण्यात घालून फुगे सोडणं. मग नाक. मग डोळे उघडून तळाशी तुमची बोटं मोजणं. त्यानंतर पाठीवर तरंगणं, डोक्याखाली तुमचा तळवा. छाती भरून श्वास घेतला की अंग वर राहतं आणि सोडला की खाली जातं, हे तिला स्वतःच्या अंगाने कळू द्या. ज्या मुलीला पाठीवर निवांत पडून श्वास घेता येतो ती घाबरली तरी पलटून पडेल आणि हाक मारेल. पोहण्याचे हात तिला कुणीही शिकवील.

डबा, भोपळा, हवेच्या फुगवायच्या बाह्या, यांतलं काहीही जीव वाचवणारं साधन नाही. दोरी सुटते, हवा जाते. त्यांच्या भरवशावर मुलीला सोडून मोबाईल बघू नका. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, त्याला ओरडायला श्वासच नसतो. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही.

विहीर पुढच्या उन्हाळ्यात. ती अडखळत का होईना, पण न थांबता पाच-सहा मिनिटं पोहू लागली आणि पाठीवर विसावा घेऊ लागली, मग न्या. जाण्याआधी मोटर मेन स्विचपासून बंद, नुसत्या स्टार्टरवरून नव्हे. पाण्यात गेलेली केबल कुठं सोललेली नाही ना ते बघा. तुमच्याखेरीज पोहणारा आणखी एक मोठा माणूस पाण्यात हवा. कठड्याला बांधलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवा. पहिली उडी पायरीवरून, काठावरून नव्हे, आणि तुमचा हात धरून.

सासूबाईंना सांगा, मुलगी काळी पडेलच. सप्टेंबरपर्यंत परत गोरी होईल. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचा रंग कुणी विचारला नाही. फार तर पोहण्याची वेळ सकाळी नऊच्या आत ठेवा, तेवढं सासूबाईंचं ऐका. घरात शांतता राहील.

प्रश्न : सर, मी तेरा वर्षांचा आहे. शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूला बचावात खेळतो. माझे बाबा पेठेच्या टीमकडून खेळायचे. माझी मॅच झाली की स्टेडियमपासून कसबा बावड्यापर्यंत गाडीवर ते माझ्या सगळ्या चुका सांगतात. मी मागे बसून हेल्मेट घातलं तरी ऐकू येतं. मॅच जिंकलो तरी सांगतात. बाबा चांगले आहेत, प्रत्येक मॅचला सुट्टी काढून येतात. त्यांना वाईट न वाटता गप्प कसं करू? आणि मी उजव्या पायाचा आहे, सरांनी लेफ्ट बॅकला ठेवलंय, डावा पाय कसा सुधारू?
— एक खेळाडू, कसबा बावडा

उत्तर : शाब्बास लेका. 'बाबा चांगले आहेत' हे तू स्वतःहून लिहिलंस, म्हणजे निम्मं काम झालं आहे.

गाडीवर बोलू नकोस. मॅचनंतर तुझंही डोकं तापलेलं असतं, त्यांचंही. मॅच नसलेल्या दिवशी, सकाळी, ते चहा पीत असताना सांग : "बाबा, मॅच झाल्यावर घरी पोचून जेवण होईपर्यंत मॅचचं बोलायचं नाही. जेवल्यावर मी तुम्हाला तीन गोष्टी विचारीन, त्या सांगा." विचारायचं मात्र विसरू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल पोराला आपली गरजच नाही. आणि गाडीवर गप्प बसवत नसेल त्यांना, तर त्यांच्याच जुन्या मॅचचं विचार. पेठेच्या माणसाला तेवढं पुरतं. बावडा कधी आला ते कळणार नाही.

हे वाचणाऱ्या बाबांसाठी : साहेब, पोराला त्याची चूक तुमच्याआधी कळलेली असते. त्याच्या बाजूकडून समोरच्यांनी गोल मारला तेव्हा तो मैदानात होता, तुम्ही कठड्यावर. सुट्टी काढून येताय, ते मात्र सोडू नका.

आता डावा पाय. शाळेची नाहीतर सोसायटीची एखादी भिंत बघ, जिच्यामागे कुणाचं झोपणं नाही. चार पावलांवर उभा राहा आणि फक्त डाव्या पायाच्या आतल्या बाजूने बॉल भिंतीवर मार, परत आलेला डाव्यानेच थांबव. जोर नको. उजवा पाय बॉलच्या शेजारी, बोटं भिंतीकडे. बहुतेक पोरांचा डावा पाय वाईट नसतो, टेकलेला उजवा पाय चुकीच्या जागी असतो. रोज दहा मिनिटं. पंधरा दिवसांनी एक पाऊल मागे, मग बॉल हवेतून. मॅचमध्ये मात्र लगेच हट्ट करू नकोस, अडचणीत असलास तर उजव्याने बाहेर काढ, थ्रो-इन दिला तर दिला. महिन्याभराने बाबांना भिंतीच्या जागी उभं कर. त्यांनी बॉल तुझ्या डाव्या पायावर द्यायचा, तू परत त्यांच्या पायावर. बोलायचं नाही ही अट तिथंही लागू.